मांजर असलेली रहस्यकादंबरी कशी रचावी

मांजर असलेली रहस्यकादंबरी बहुतेक वेळा फसते ती मांजर फार हुशार झाल्यामुळे. ते शोधकाला मृतदेहापर्यंत नेतं, चिठ्ठी तोंडात धरून आणतं, खुनी दिसला की फिस्कारतं, आणि माणसाला करायला काही उरत नाही. याच्या उलट चूक म्हणजे मांजर मुखपृष्ठापुरतं असणं. आतल्या पानांत ते खिडकीत बसून असतं, आणि त्याला काढून टाकलं तरी कथानकाची एक वीटही हलत नाही. चांगली रचना या दोन्हींच्या मधली असते. मांजर स्वतःच्या कारणासाठी, स्वतःच्या स्वभावाप्रमाणे काहीतरी करतं. त्यातून एखादी वस्तू हलते, एखादी वेळ ठरते किंवा एखादं खोटं बोलणं अडचणीत येतं, आणि त्याचा अर्थ लावायचं काम माणूस करतो. खून, खुनी, न्याय यांच्याशी मांजराचं काही देणंघेणं नसतं. ही अट काटेकोर पाळायची.

या प्रकाराला इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. खून होतो, पण पडद्याआड. रक्ताची, चिरफाडीची, शरीरसंबंधांची वर्णनं नसतात. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची छोटी वस्ती असते, शोध घेणारी व्यक्ती पोलिसांतली नसते, आणि शेवटी खुनी सापडतोच. मांजर असेल तर आणखी एक अट येते: मांजर मरत नाही. ते हरवेल, आजारी पडेल, पण मरणार नाही, आणि त्याचा छळ पानावर दिसणार नाही. हा वाचक माणसाचा खून कथेचा भाग म्हणून स्वीकारतो, मांजराचा नाही. मांजर धोक्यात आहे असं दाखवायचं असेल तर तो ताण एक-दोन प्रकरणांपलीकडे ओढू नये.

आधी गुन्हा लिहून काढा

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी खुन्याच्या बाजूने दोन-तीन पानांचा कोरडा अहवाल लिहा. कोणी, का, कशाने, किती वाजता, कुठून आला, कुठून गेला, नंतरच्या दोन दिवसांत काय लपवलं आणि कुठे चुकला. हा अहवाल वाचकाला कधीच दिसत नाही, पण कादंबरीतला प्रत्येक दुवा त्यातूनच निघतो. अहवाल नसेल तर विसाव्या प्रकरणाच्या सुमारास लेखकालाच प्रश्न पडतो की हा माणूस त्या रात्री नेमका होता कुठे.

हेतू माणसाला समजेल असा हवा: वारसा, उघडकीला येऊ घातलेली फसवणूक, जुनं लपवलेलं प्रकरण, अब्रूची भीती. माथेफिरू खुनी इथे बसत नाही. छोट्या वस्तीतला ओळखीचा माणूस असं का वागला, हेच या प्रकाराचं मूळ कुतूहल आहे.

गुन्हा ठरवतानाच मांजराचा विचार करायचा, नंतर नाही. मांजराच्या वागण्यातून ‘कधी’ आणि ‘कुठे’ यांची उत्तरं मिळू शकतात, ‘का’चं कधीच मिळत नाही. म्हणून वेळ आणि जागा यांवरून वाद होईल असा गुन्हा निवडा. अमुक माणूस त्या वेळी घरात होता की नाही, गाडी बाहेर गेली होती की नाही, दार कोणी उघडलं. हेतू मात्र शोधकाच्या कामधंद्यातून आणि माणसांच्या बोलण्यातून उघडायचा. ही विभागणी पहिल्यापासून डोक्यात असेल तर मांजर आणि शोधक एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

शोधक कोण असावा

व्यवसाय निवडताना तीन गोष्टी तपासा. माणसं आपणहून त्याच्याकडे येऊन बोलतात का? दिवसा दोन तास कामाबाहेर राहता येतं का? आणि त्या कामात असं काही ज्ञान आहे का, जे तपास अधिकाऱ्याकडे सहसा नसतं? तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच वरवर उरकली जाते. फुलं विकणारी, चहाचं दुकान चालवणारी, ग्रंथपाल ही पात्रं दिसायला छान, पण त्यांच्या कौशल्याने एक तरी गाठ सुटली पाहिजे.

उदाहरणासाठी जुनी पुस्तकं दुरुस्त करणारी एक बांधणीकार घेऊ. शिवलेल्या बांधणीत मोठे कागद मधोमध दुमडून जुड्या करतात. चार कागदांची जुडी दुमडली की आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं होतात. त्यातलं एक पान मुळापासून कापलं तर दुमडीपलीकडचं त्याचं जोडीचं पान सैल पडतं, आणि कोणीतरी ते डिंकाने चिकटवून ठेवतं. पारंपरिक खळ पिष्टाची असते, ती ओलाव्याने सुटते. बाजारातला पांढरा पीव्हीए गोंद सुकला की तसा सुटत नाही. आता मृत व्यक्तीच्या जुन्या हिशेबवहीत एक पान पीव्हीएने चिकटवलेलं असेल, तर बांधणीकाराला दोन गोष्टी कळतात: त्याच जुडीतलं एक पान गेलं आहे, आणि हे काम अलीकडचं, अनोळखी हाताचं आहे. हेतूचा दुवा असा मिळतो. तो पहिल्या चार प्रकरणांत तिच्या रोजच्या कामात सहज दाखवून ठेवायचा. एखादी वही दुरुस्त करताना ती गिऱ्हाइकाला सैल पान का सैल झालं ते सांगते, एवढं पुरे.

ती या भानगडीत का पडते याला ठोस कारण हवं. तिच्या जवळच्या माणसावर संशय आहे, किंवा ती वही दुरुस्तीसाठी तिच्याकडेच आलेली होती. नुसतं कुतूहल तीनशे पानं पुरत नाही. पोलिसांना मूर्ख ठरवणं हा सोपा पण वाईट मार्ग आहे. त्यांचा निष्कर्ष चुकीचा असला तरी त्यांच्यापुढे असलेल्या पुराव्यांतून तो रास्त वाटला पाहिजे. आणि हाती लागलेला पुरावा शोधकाने घरात दडवून ठेवू नये. तो गुन्हा ठरू शकतो, शिवाय वाचकाचा तिच्यावरचा विश्वास उडतो. ती वस्तू देऊन टाकते, पण त्या वस्तूचा अर्थ तिला नंतर कळतो, अशी मांडणी करा.

मांजराची माहिती पक्की हवी

हे वाचक मांजरं पाळणारे असतात आणि इथली चूक ते माफ करत नाहीत. म्हणून मांजराचं एक पानभर टिपण करा: वय, नर की मादी, नसबंदी झाली आहे का, रंग, घरातच राहतं की बाहेर फिरतं, चिप आहे का, आजार, कशाला घाबरतं, कुठे झोपतं, किती वाजता खातं. मग त्यातली प्रत्येक गोष्ट शास्त्राशी ताडून पाहा.

तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असतं. तिरंगी बोका अतिशय दुर्मीळ, आणि सहसा तो प्रजननक्षम नसतो. नारिंगी मांजरांत नर बरेच जास्त, तरी नारिंगी मादी असू शकते. पांढरंशुभ्र आणि दोन्ही डोळे निळे असलेलं मांजर बहिरं असण्याची शक्यता मोठी. मोठं मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपतं आणि पहाटे व संध्याकाळी सर्वांत जास्त हालचाल करतं, तेव्हा भर दुपारी गल्लीभर धावाधाव करणाऱ्या मांजराला कारण द्यावं लागेल. दूध दाखवताना जपा. पूर्ण वाढलेल्या पुष्कळ मांजरांना ते पचत नाही. गोड चव मांजराला कळतच नाही, त्यामुळे गोड पदार्थाच्या मोहाने ते कुठे गेलं असं लिहू नका. त्यात चरबी असेल तर गोष्ट वेगळी. घुरघुर म्हणजे समाधानच असंही नाही, दुखत असताना आणि घाबरलं असतानाही मांजर घुरघुरतं. लिलीची फुलं मांजराला जीवघेणी आहेत. फुलदाणीतल्या पाण्यानेही मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, म्हणून शोधकाच्या टेबलावर सजावटीला लिली ठेवलीत की वाचक खुनाकडे पाहणार नाही, फुलदाणीकडे पाहत बसेल.

चिपबद्दल सर्वांत जास्त चुका होतात. मांजराच्या कातडीखालची मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिला बॅटरी नसते, आणि तिच्यात सहसा १५ अंकी क्रमांक असतो. वाचक यंत्र अगदी जवळ नेलं तरच तो क्रमांक दिसतो. त्यावरून मालकाची नोंद सापडते, पण मांजर आत्ता कुठे आहे हे सापडत नाही. मांजराचा माग काढायचा असेल तर जीपीएस असलेला पट्टा लागतो. त्याची बॅटरी उतरते, आणि पट्टा गळूनही पडतो.

मांजरातून निघणारे दुवे

गरम जागा. मांजर ऊब शोधतं. संशयित म्हणतो की गाडी सकाळपासून हललेली नाही, आणि थंडीच्या संध्याकाळी त्याच गाडीच्या बॉनेटवर मांजर अंग मुडपून झोपलेलं आहे. इंजिन बंद झाल्यावर बॉनेट थोडाच वेळ कोमट राहतं, म्हणून हा दुवा वेळेला घट्ट बांधलेला आहे. दोन गोष्टी आधी पक्क्या करा. गाडी विजेवर चालणारी नको, आणि गाडी उन्हात उभी नको. उन्हाने तापलेलं बॉनेट काहीच सिद्ध करत नाही.

मांजरदार. चिप वाचून उघडणारी मांजरदारं मिळतात, आणि त्यातली काही मांजराच्या येण्याजाण्याची वेळ फोनवर नोंदवतात. मृत व्यक्ती रात्री आठपासून घरात एकटी होती असं सगळे धरून चालले आहेत. नोंद सांगते की मांजर ९:१० ला आत आलं आणि ९:१४ ला बाहेर गेलं, आणि सकाळी त्याची वाटी तशीच भरलेली. खाण्याच्या वेळेला आलेलं भुकेलं मांजर चार मिनिटांत का परतलं? लाजरं मांजर अनोळखी माणूस दिसला की निघून जातं. शोधकाने आधी याचा चुकीचा अर्थ लावावा, उदाहरणार्थ वाटीतलं अन्न शिळं होतं. खरा अर्थ पुढे कधीतरी, पाहुण्यांसमोर तेच मांजर तसंच पळताना पाहून सुचावा. त्याचा लाजरेपणा खुनाच्या आधीच दोनदा दिसलेला असला पाहिजे, नाहीतर ही ऐनवेळी काढलेली सोय वाटते.

औषधाची वेळ. मधुमेही मांजराला बहुधा दर बारा तासांनी इन्सुलिन द्यावं लागतं. काळजी घेणारी मालकीण सकाळी सात आणि संध्याकाळी सात कधी चुकवत नाही. वहीत संध्याकाळच्या सातची खूण नसेल, तर नऊ वाजता तिच्याशी फोनवर बोललो म्हणणारा माणूस अडचणीत येतो. हा दुवा फार चांगला आहे, कारण तो मांजराभोवती असूनही पूर्णपणे माणसाच्या सवयीवर उभा आहे.

बहिरं मांजर. साक्षीदार सांगतो, “काच फुटल्याचा आवाज झाला आणि पांढरं मांजर दचकून पळालं.” मांजर जन्मापासून बहिरं आहे हे वाचकाला पाचव्या प्रकरणापासून ठाऊक असतं, पण ते मांजराच्या लाडाच्या वर्णनात गेलेलं असतं. मात्र बहिऱ्या मांजराला जमिनीतली कंपनं जाणवतात, म्हणून काच फुटली ती खोली दूर ठेवा.

ॲलर्जी. मांजराच्या ॲलर्जीला मुख्यतः ‘फेल डी १’ हे प्रथिन कारणीभूत असतं. ते लाळेतून आणि त्वचेतल्या ग्रंथींतून येतं, कापडाला आणि भिंतींना चिकटतं, आणि मांजर गेल्यावरही घरात महिनोन्‌महिने राहतं. आपल्या घरात कधीच मांजर नव्हतं असं सांगणाऱ्याच्या बैठकीत ॲलर्जी असलेल्या पाहुण्याला शिंकांनी हैराण केलं, तर शोधकाने कान टवकारावेत. नुसतं लांबून मांजर पाहून कोणाला शिंक येत नाही, हेही लक्षात असू द्या.

केस. मांजराच्या केसाने खरोखर खुनी सापडलेला आहे. १९९४ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर झालेल्या एका खुनाच्या तपासात रक्ताने माखलेल्या जॅकेटवर पांढरे केस मिळाले. ते संशयिताच्या कुटुंबातल्या स्नोबॉल नावाच्या मांजराचे असल्याचं डीएनएवरून दिसलं, आणि १९९६ मध्ये तो दोषी ठरला. तपासणाऱ्यांनी बेटावरच्या इतर मांजरांचे नमुनेही घेतले होते. बेटावरची सगळी मांजरं एकमेकांच्या जवळच्या नात्यातली निघाली असती, तर जुळणीला फारसा अर्थ उरला नसता. कादंबरीत हे वापरायचं असेल तर काम प्रयोगशाळेकडे द्या आणि त्याला वेळ लागू द्या. नेमकं एकच मांजर ओळखायला केसाचं मूळ शाबूत लागतं. नुसत्या केसाच्या काडीवरून मिळणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून आलेला असतो, आणि तो अनेक मांजरांत सारखा असू शकतो. शिवाय केस फार सहज प्रवास करतात. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या कपड्यावरून ते तिसऱ्या घरी जातात, म्हणून केस म्हणजे हजेरी नव्हे.

लपवलेल्या वस्तू. हलकी, घरंगळणारी वस्तू मांजर पंजाने ढकलत कपाटाखाली नेतं. खुन्याचं बटण असं सापडणं हा या प्रकारातला सर्वांत जास्त वापरलेला दुवा आहे आणि सर्वांत जास्त बिघडवलेलाही. मांजराने हलवलेली वस्तू पुरावा म्हणून कच्ची असते, कारण ती मुळात कुठे पडली होती हे कोणीच सांगू शकत नाही. बटण शेजारच्या खोलीतून आलं असेल, आठवड्यापूर्वीचंही असेल. चतुर पोलीस अधिकारी हेच विचारेल, आणि त्याने विचारावंच. म्हणून मांजराचा दुवा शोधकाला कुठे पाहायचं ते सुचवण्यापुरता ठेवा. खुनी शेवटी अडकतो तो कागदाने, साक्षीने किंवा स्वतःच्या बोलण्याने. आपल्या उदाहरणात तो हिशेबवहीतल्या गेलेल्या पानाने अडकतो.

एका कादंबरीत मांजराकडून निघणारे दुवे तीनच ठेवा, आणि त्यातला एक चकवा असू द्या. चौथ्यापासून वाचक मांजरावरच नजर ठेवतो आणि माणसांचं बोलणं ऐकायचं सोडतो. चकव्यासाठी कॅटनिप, म्हणजे वासाने मांजरांना वेड लावणारी एक वनस्पती, उपयोगी पडतं. संशयिताच्या पिशवीत मांजर वेड्यासारखं लोळतं, सगळ्यांना वाटतं पिशवीत काही दडलंय, आणि निघतो तो कॅटनिपचा वाळका पाला. असर दहा-पंधरा मिनिटं टिकतो, मग मांजर काही काळ त्याकडे पाहतही नाही. साधारण तिसरा हिस्सा मांजरांवर तो होतच नाही, आणि लहान पिल्लांवरही होत नाही. तुमचं मांजर कोणत्या गटातलं ते टिपणात लिहून ठेवा.

‘मांजराला तो माणूस आवडला नाही’ हे मात्र कशाचाच पुरावा नाही. त्या माणसाच्या कपड्याला कुत्र्याचा वास असेल, अत्तर उग्र असेल, चाल धाडधाड असेल. असं दृश्य चकवा म्हणून चालतं, उलगड्यात चालत नाही.

दुवा ठेवायचा कुठे

इंग्रज रहस्यकथाकार रोनल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. त्यांतला एक आजही तसाच लागू आहे: शोधकाला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही. तो दाखवायचा, पण वाचकाचं लक्ष दुसरीकडे असताना. तीन-चार वस्तूंच्या यादीत महत्त्वाची वस्तू मधे ठेवा, कारण पहिली आणि शेवटची लक्षात राहते. दुवा दिसल्यावर लगेच कोणीतरी रागावून आत येऊ द्या. आणि मांजराच्या लाडिकपणाचा फायदा घ्या. ते पोटावर हात फिरवून घेतंय, जांभई देतंय, अशा परिच्छेदात वाचक सैलावतो. वाटी भरलेली आहे हे वाक्य तिथे ठेवलं तर पुष्कळांच्या नजरेतून सुटतं, आणि तरी ते अन्यायाचं नसतं.

खरा दुवा तीन वेळा यावा. एकदा नुसता दिसतो, दुसऱ्यांदा त्याचा चुकीचा अर्थ लागतो, तिसऱ्यांदा बरोबर. पहिल्या आणि तिसऱ्या भेटीत निदान आठ-दहा प्रकरणांचं अंतर ठेवा.

मराठीत लिहिताना एक खास अडचण आहे. क्रियापद लिंग सांगून टाकतं. खुनी अंधारातून ‘आला’ की ‘आली’, हे लिहिताक्षणी निम्मे संशयित बाद होतात. त्यासाठी ‘कुणीतरी आत आलं’ हे नपुंसकलिंगी रूप कामाला येतं. धमकीच्या चिठ्ठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ वापरा. ‘मी दार उघडलं’, ‘मी तुला पाहिलं’ यांत क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे चालत नाही. ‘मी आलो होतो’ लिहिलं की संपलं. अर्थात खुन्यानेच मुद्दाम उलट लिंग लिहून चकवा दिला, तर तेही रास्त आहे. मांजराच्या बाबतीत हीच गोष्ट उपयोगी पडते. ‘मांजर’ नपुंसकलिंगी, पण घरचे लोक नावाने हाक मारताना ‘ती आली’, ‘ती रुसली’ असंच म्हणतात. महिनाभर मांजरीला खायला घातलं सांगणारा माणूस तिला सतत ‘तो’ म्हणत असेल, तर कान तयार असलेल्या वाचकाला ते खटकेल.

लांबी आणि प्रकरणं

इंग्रजीत अशी कादंबरी साधारण ६५ ते ८० हजार शब्दांची असते. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्याने तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो. ५० हजार शब्दांचं उद्दिष्ट ठेवा: ३२ प्रकरणं, प्रत्येकी सुमारे १,५०० ते १,६०० शब्द.

मृतदेह तिसऱ्या प्रकरणाच्या आत सापडावा. त्याआधी मृत व्यक्ती जिवंत असताना एकदा तरी वाचकाला भेटावी, नाहीतर तिच्या जाण्याचं कोणालाच काही वाटत नाही. आठव्याच्या सुमारास पोलिसांचा संशय शोधकाच्या माणसावर येतो. संशयित पाच किंवा सहा ठेवा. चार असतील तर अंदाज लवकर येतो, आणि सातव्यापासून नावं लक्षात राहत नाहीत. सोळाव्यात शोधकाने बांधलेला तर्क कोसळतो, बहुधा जिच्यावर संशय होता ती व्यक्ती निर्दोष ठरल्याने. चोविसाव्यात सगळं बिघडतं. मांजर हरवायचं असेल तर ते इथे. एकोणतीस-तिसात उलगडा, आणि उरलेल्या दोनांत वस्तीची घडी परत बसते. ही शेवटची दोन प्रकरणं घाईने उरकू नका. या प्रकारचा वाचक त्यांच्यासाठीही आलेला असतो.

उलगड्याच्या प्रसंगी शोधक एकटी, कोणालाही न सांगता खुन्याच्या घरी जाते, हे टाळा. खुनी तिच्याकडे येऊ द्या, दुसऱ्याच निमित्ताने, आणि तिला खरी गोष्ट त्या भेटीतच कळू द्या. मांजराने उडी मारून खुन्याला लोळवणं नको. त्याऐवजी खाण्याच्या ठरलेल्या वेळी मांजर पायांत घोटाळतं आणि खुनी अडखळतो. ही सवय आधी दोनदा, शोधकालाच अडखळताना दाखवून, वाचकाच्या ओळखीची झालेली असेल तर प्रसंग पटतो.

काही लेखक मांजराच्याच नजरेतून प्रकरणं लिहितात. तसं करायचं असेल तर ते मांजर वाचू शकत नाही, घड्याळ पाहू शकत नाही, आणि त्याचं जग आधी वासाचं, मग आवाजाचं असतं. त्याची नजर जमिनीपासून वीतभर उंचीवर असते, माणसं त्याला पायांवरून आणि पावलांच्या आवाजावरून ओळखू येतात. मांजर आणि माणूस एकमेकांशी बोलू लागले की सगळाच नियम बदलतो, आणि मग कोणाला किती कळतं ते पहिल्याच प्रकरणात स्पष्ट करावं लागतं.

दुसरा खर्डा

खर्डा पुरा झाला की एक तक्ता करा. उभ्या रकान्यांत प्रकरण, वार, वेळ, मांजर कुठे आहे, कोणी खायला घातलं. शोधक दोन दिवस बाहेरगावी गेली आणि मांजराचं कोणी पाहिलं हे कुठेच आलं नाही, ही चूक फार सामान्य आहे आणि वाचकांची पहिली तक्रार हीच असते. बंद दारांचीही नोंद ठेवा. बाविसाव्या प्रकरणात बंद केलेल्या खोलीतून तेविसाव्यात मांजर बाहेर दिसत असेल, तर ते आलं कुठून?

मग मांजराचा प्रत्येक प्रसंग काढून पाहा. काढल्यावर उलगडा तसाच राहत असेल, तर त्यातल्या निदान एका प्रसंगाला काम द्या. उलट, मांजर काढलं की उलगड्यात काहीच उरत नसेल, तर शोधक नुसती बघ्या आहे. तिच्या व्यवसायातला दुवा वाढवा.

तीन वाचकांना खर्डा द्या, आणि दहाव्या, विसाव्या आणि अठ्ठाविसाव्या प्रकरणाअखेर थांबून संशयिताचं नाव व कारण लिहायला सांगा. कारण लिहिलंच पाहिजे. नाव बरोबर पण कारण भलतंच असेल तर तो अंदाज आहे, त्याची चिंता नको. विसाव्याला तिघांचीही नावं आणि कारणं बरोबर आली तर दुवे फार उघडे आहेत. अठ्ठाविसाव्यालाही कोणाला खुनी आठवतच नसेल, तर तो मधल्या प्रकरणांत पुरेसा दिसलेला नाही. त्याला आणखी दोन-तीन प्रसंग आणि एखादी मदत करण्याची संधी द्या.

मालिका लिहायची असेल तर पहिल्या पुस्तकापासून वेगळी वही ठेवा आणि मांजराचं वय तिच्यात जन्मवर्षासह लिहा. घरातलं मांजर साधारण १२ ते १५ वर्षं, कधी त्याहून जास्त जगतं. पहिल्या भागात ते आठ वर्षांचं असेल आणि कथेतला काळ दर पुस्तकाला वर्षभर पुढे जात असेल, तर सातव्या भागात ते चौदाचं होतं, आणि मांजर मरू द्यायचं नाही असं तर ठरलेलं आहे. म्हणून सुरुवातीला त्याचं वय दोन-तीन ठेवा आणि दोन पुस्तकांत तीन-चार महिन्यांहून जास्त काळ जाऊ देऊ नका.